पहिल्या ओळीतली खुर्ची

हॅलो? … नमस्कार. आपण ज्या बापाला फोन लावला आहे, तो सध्या शिडीवर चढलेला आहे. कृपया थोड्या वेळानं…

अगं हो, हो! ओरडू नको, खाली पडेन ना मी. … नाही गं, खरंच शिडीवर आहे. उद्या इथं नव्या पोरांच्या स्वागताचा कार्यक्रम, आज मंडप उभा पाहिजे. … इथं म्हणजे कॅम्पसवर. आपल्या नाशिकच्या. … थांब, उतरतो.

ए राजू! शिडी धर. … अरे धर म्हणलं, टेकू नको तिला. तुझ्या वजनानं ती जमिनीत जाईल, मग वर चढायला खाली उतरावं लागेल.

हां, बोल रोशने. कुठं आहेस? … ओमच्या सायबरवर. बरं. … ओटीपी? कसला ओटीपी? … ताई, आमच्याकडं कनात मिळेल, गाद्या मिळतील, सतरंज्या, खुर्च्या, झालरी… ओटीपी आम्ही ठेवत नाय.

बरं बरं. कळलं गं. एमएस्सीचा फॉर्म लॉक करायचाय आणि ओटीपी माझ्या मोबाईलवर आलाय. … मग चूक कुणाची? बालवाडीपासून प्रत्येक फॉर्मवर बापाचा नंबर टाकायची सवय. एकवीस वर्षांची घोडी झालीस, स्वतःचा मोबाईल आहे, त्यात सतराशे साठ अ‍ॅप आहेत, पण फॉर्म आला की टाक पप्पांचा नंबर!

किती वाजता बंद होणार साईट? … पाचला. आत्ता झालेत चार पस्तीस. लय वेळ आहे. … अगं लय वेळ आहे म्हणलं, पंचवीस मिनिटांत मी अख्खा स्टेज उभा करतो.

लिही. … लिहितेस ना? एक… दोन… तीन… चार… पाच… सहा.

टाकला? … काय म्हणतो कॉम्प्युटर? … चुकीचा म्हणतो?

अगं… थांब, हसू दे. … अगं कॉलेजात पहिली आलीस तू! वनस्पतीशास्त्र! एक ते सहा आकडे ओळीनं आले तरी डोक्यात काही पेटलं नाय? … ओम हसतोय ना मागं? ऐकू येतंय मला. त्याला म्हणावं हस बाबा, पण हळू. … तीनच चान्स असतात? मग अजून दोन आहेत की. … बरं, चुकलो. कान पकडले. म्हणजे एकच पकडलाय, दुसऱ्याला फोन आहे.

आता खरा सांगतो. चष्मा कुठं गेला… हां, डोक्यावर. … हा काय, आलाय मेसेज.

पण एक सांग, पहिल्या नंबरला कुणाला टाकलंस? … देतो गं, आधी सांग की. ओमच म्हणाला होता, तुझे मार्क बघता जे पहिलं टाकशील तेच मिळणार आणि एकदा मिळालं की बदलता येणार नाय. मग बापाला कळायला नको?

काय?

… नाय नाय, ऐकू आलं. नाशिक पहिलं. पुण्यातलं दुसरं. आणि ते नागपूरच्या पुढचं, तळ्याचं… ते तिसरं.

राजू! ए राजू! पोरगी इथंच येणार शिकायला! … अरे इथंच, ह्याच कॅम्पसवर! … रोशने, राजूकाका म्हणतोय अभिनंदन. त्याच्या हातात बांबू होता, तो सोडून टाळ्या वाजवल्या. आता बांबू दुसऱ्याच्या पायावर पडला. … नाय गं, लागलं नाय, नुसती शिवी दिली.

अगं ऐक ना. काय जागा आहे माहितेय ही? तू आलीस तेव्हा ऑफिसच्या खिडकीत माहितीपत्रक घेतलंस आणि परत गेलीस. बघितलंस कुठं? मी सव्वीस वर्षं येतोय. मागं डोंगराची ओळ आहे ना, ती पाच-साडेपाचला जांभळी होते. इमारती तशा खोक्यासारख्या. रांगेत मांडलेल्या, जशा आपण खुर्च्या मांडतो. पण मधलं मैदान! त्याच्या कडेनं पाच गुलमोहर. आणि तुझं डिपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर. मी खाली खांब रोवताना वर बघतो. डावीकडून चौथी खिडकी. म्हणलं, ही रोशनीची. मी खालून हाक मारीन, "ओ मॅडम, बांबूला कोणता रोग पडलाय बघा!" … हो, सगळ्यांसमोर. त्यात काय लाजायचं?

आणि दुपारी डबा एकत्र. कँटीनचा वडा खायचा नाय, त्याचा दगड करून मी एकदा कनातीला वजन म्हणून लावला होता.

… हो, देतो ओटीपी. किती घाई.

अजून एक सांगतो. सांगणार नव्हतो. उद्याच्या कार्यक्रमाला पहिल्या ओळीत एक खुर्ची जास्तीची मांडलीय. लाल कव्हरची, नवीन. प्राचार्यांच्या शेजारी. तिच्यावर कुणाच्या नावाची चिठ्ठी नाय. राजू सकाळपासून विचारतोय कुणाची, कुणाची. म्हणलं, पाहुणे आहेत. … तुझी, दुसरी कुणाची? नाव लागायचं असेल पुढच्या महिन्यात, आपण महिनाभर आधी बसवतो. कोण उठवणार? मंडप माझा आहे.

काय गं?

… खूश आहेस ना?

… "ठीक आहे" म्हणजे काय? ठीक आहे हे आपण गिऱ्हाइकाला म्हणतो, झालर पिवळी नसेल तर पांढरी लावू म्हणून.

बरं मला सांग, तीन महिने तर तळ्याचं तळ्याचं लावलं होतंस. तिथले कोण ते सर, गवतांवर काम करणारे, त्यांचे व्हिडिओ बघायचीस जेवताना. आमटी थंड व्हायची. मग एकदम तिसऱ्या नंबरला का?

… मी?

मी सांगितलं म्हणून?

… हो, म्हणलं होतं मी. हो. … हो, माळरान आहे म्हणलं. एक झाड नाय म्हणलं. तळं म्हणजे डबकं, त्यात म्हशी बसतात. हे पण मीच. होस्टेलवर माकडं येऊन पोरींच्या वह्या पळवतात आणि परीक्षेच्या दिवशी परत आणून देतात… अगं त्याच्यावर तरी विश्वास ठेवायचा नाय ना!

… माझा ओळखीचा मंडपवाला तिथं जाऊन आलाय, असं सांगितलं होतं. बरोबर.

म्हणजे आयुष्यभर मी खरं बोललो तेव्हा तू म्हणालीस, पप्पा फेकू नका. आणि एकदा फेकलं, तर तू थेट फॉर्मवर लिहून मोकळी?

… थांब. दोन मिनिटं थांब. … नाय, फोन कट नाय झाला. आहे मी.

राजू, ती कनात नंतर बांध. जरा बाजूला हो.

रोशने, ऐक. ओटीपी आहे माझ्याकडं. पण देत नाय. … देत नाय म्हणजे देत नाय. नंबर बदल आधी. तळ्याचं पहिलं कर.

… मस्करी नाय करत. … अगं नाय करत! … आईची शपथ! … तुझ्या आईची कशाला, माझ्या आईची. … हो, ती गेलीय, म्हणून काय शपथ चालत नाय?

चार एक्केचाळीस झालेत, दिसतंय मला. ओरडू नको. तो ओळखीचा मंडपवाला… तो मीच आहे. मी जाऊन आलोय तिथं.

… खरंच गेलो होतो. मागच्या महिन्यात. आठवतं, नांदगावला सावळीराम शेठच्या पोराच्या लग्नाची ऑर्डर म्हणून तीन दिवस गेलो होतो? … नव्हतीच ऑर्डर. सावळीराम शेठच नव्हते. मनमाडला गाडीत बसलो ते थेट नागपूरच्या पुढं. … पेढे? ते मनमाड स्टेशनवर घेतले होते परत येताना. तुझी आई अजून म्हणते, शेठचे पेढे चांगले होते.

अगं तिला तू नको सांगू. मी सांगतो. मला हेल्मेट घालून सांगावं लागेल.

का गेलो म्हणजे? … बघायला. पोरगी दोन वर्षं जिथं राहणार ती जागा बघायला नको? लग्नाचा हॉल आपण चार वेळा बघतो. आणि खरं सांगू, खोट काढायला गेलो होतो. म्हणलं, काहीतरी सापडेल. पाणी खारट असेल, रस्ते खराब असतील. घरी येऊन सांगू, मग तू नाशिकच म्हणशील.

सकाळी सहाला गेटवर. वॉचमन म्हणतो, कोण तुम्ही? म्हणलं, मंडप तपासणी समिती. … अगं चाललं ना! त्यानं सलाम केला. रजिस्टरमध्ये सही केली. … "प्रा. हिरामण". नाव माझं खरंच लिहिलं, हुद्दा सुचला नाय म्हणून प्राध्यापक.

मग आत गेलो.

… सांगतो ना. सांगतोच आहे.

रस्ता सरळ नाय तिथला. आपल्याकडं गेटातून बघितलं की शेवटची इमारत दिसते. तिथं नाय दिसत. वळत जातो रस्ता, झाडाला वळसा, मग दुसऱ्या झाडाला. ज्या माणसानं आखला ना, त्याला कुठं जायची घाई नव्हती. झाड आधी होतं आणि रस्त्यानं त्याला विचारलंय, की बाबा मी कुठनं जाऊ? … हसू नको, खरंच तसं वाटतं.

पुण्यातलं पण बघितलंय मी, तिथं दोनदा मंडप टाकलाय. झाडं काय जुनी, काय मोठी! पण झाडाखाली टेकलो तर एक जण येऊन म्हणाला, हे झाड कोणत्या विभागाचं आहे माहितेय का? म्हणलं, सावली कोणत्या विभागाची ते सांगा, मी फक्त सावलीत बसलोय. … हो, तेच. ते सुंदर आहे पण ते त्यांचं आहे. आपलं काम झालं की बांबू उचला.

तळ्याचं तसं नाय गं. तिथं मला कुणी उठवलंच नाय.

तळं मोठं आहे. डबकं नाय. म्हशी होत्या, पण पलीकडच्या काठाला, लांब, ठिपक्यासारख्या. लायब्ररीची मागची बाजू सगळी तळ्याकडं. पायऱ्या उतरतात पाण्यापर्यंत. पोरी बसल्या होत्या पुस्तकं घेऊन. सकाळी साडेसहाला! एकीनं मांडीवर पान ठेवलं होतं, कसलं तरी, आणि भिंगातून बघत होती. मी मागं उभा. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "काका, बघायचंय?"

… बघितलं ना. रेषा होत्या. इतक्या रेषा, रोशने. नकाशासारखं होतं सगळं. ती सांगत होती, काय काय नावं, मला एक कळलं नाय. मी नुसतं हो हो म्हणत होतो. मला वाटलं तूच बसलीस.

आणि माती! तुला माहितेय मी जमीन कशी बघतो. इथं मुरूम आहे, खांब रोवायचा तर पहारीनं तासभर ठोका, ठिणग्या उडतात. तिथं मी नुसती टाच दाबली. आत गेली. अशी जमीन असली की सगळं रुजतं.

… नाय, ऐक ना. अगं ऐक.

काय म्हणतेस? … हे पण फेकतोय?

… हां. बरोबर. माझीच करणी आहे. गंगापूर धरणाचा फोटो पाठवून गोव्याला आहे म्हणलं होतं मी, मान्य. तुझ्या मावशीला लॉटरी लागली म्हणलं होतं, ते पण मान्य. … हो, तिनं लगेच गल्लीत साखर वाटली आणि स्वतःच लय खाऊन पोट बिघडवलं. पण हे खरं आहे गं.

फोटो पाठवतो. थांब. कट करू नको. … माझ्याकडं आहे, महिनाभर लपवून ठेवलाय. तू माझा फोन उघडतेस म्हणून "जुन्या सतरंज्या" नावाच्या फोल्डरात टाकला. … गेला बघ. आला?

मागं बघ, निळी पाटी. तुझ्याच डिपार्टमेंटचं नाव आहे. वाचता येतं ना? आता पुढं बघ. बकुळीचं झाड, त्याच्या बुडाशी दगडी बाक. बाकाच्या पायाला काय बांधलंय?

… मोठा कर. बोटानं मोठा कर.

हां.

कुणाची गाठ आहे ती?

… दोन वेढे, एक उलटा, शेपूट आत. आपलीच. तुला सात वर्षांची असताना शिकवली होती, तू माझ्या चपलांना बांधून ठेवली होतीस आणि मी दारात आपटलो. … हो ना! माझी पोरगी शोभली म्हणून आईला सांगितलं होतं मी, नाक सुजलेलं तसंच.

आणि सुतळीत पिवळं दिसतंय ते हळकुंड. … मुहूर्तमेढ, दुसरं काय! मंडपाचा पहिला खांब असतो ना, हळकुंड बांधतो त्याला, आंब्याचा टहाळा लावतो. आंबा नव्हता जवळ, बकुळीवर भागवलं. वॉचमन आला, म्हणतो काय करताय? म्हणलं, समितीची खूण आहे, सोडू नका. म्हणाला, नाय सोडणार सर. … सर म्हणाला मला!

… मग सांगितलं का नाय? मेढ रोवून आलो आणि घरी येऊन खोटं बोललो?

गाडीत ठरवलं होतं, आल्या आल्या सांगायचं. दार तू उघडलंस. म्हणालीस, "पप्पा, चेहरा बघा कसा झालाय, आंघोळीला पाणी काढते." … झालं. तोंड उघडलं तर माळरानच बाहेर आलं. मग रोज एक एक वाढत गेलं. माकडं तर सोमवारी सुचली.

घरात माझ्या विनोदाला हसतं कोण गं? तुझी आई हसते, पण दुसऱ्या दिवशी.

… नाय नाय, तू नको बोलू तसं. "राहते इथंच" वगैरे बंद. ऐक मी काय सांगतो. मी बारावी झालो तेव्हा कॉलेजचा फॉर्म आणला होता. भरला पण होता. तुझे आजोबा ऐन लग्नसराईत शिडीवरून पडले, पाय गेला, आणि मी म्हणलं, एवढा सिझन काढू. … तो सिझन अजून चालू आहे. सव्वीस वर्षं खुर्च्या मांडतोय मी असल्या जागांमध्ये. कार्यक्रम सुरू झाला की मी कनातीच्या मागं. भाषणं सगळी पाठमोरी ऐकलीत. तिथं त्या पायऱ्यांवर मी तासभर समोरून बसलो, पाण्याकडं तोंड करून. निघताना पाय उचलत नव्हता.

तुला मी कनातीच्या मागं नाय ठेवणार. माझ्या डब्याला सोबत पाहिजे म्हणून तर नाहीच.

किती वाजले? … चार बावन्न! अगं मग बदल ना! ओमला म्हणावं हात चालव. … तळ्याचं पहिलं. नाशिक दुसरं. … झालं? परत वाचून दाखव. … हां. … लॉक दाब. … जुना ओटीपी संपला? जाऊ दे, नवा येईल.

… नाय आला अजून. … नाय आला. … अगं नाय आला, शपथ! थांब, मैदानाच्या मधे जातो, इथं रेंज खाते कनात. राजू, सरक! …

आला! आला. लिही. चार. … शून्य. … शून्य. … नऊ. … थांब. … काय नाय, चष्म्यावर मुरूम उडालाय. पुसू दे. … दोन. … सात.

… खरा आहे. … खरा आहे गं, रोशने. टाक.

…

काय म्हणतो?

… हिरवा टिक आला. बरं. माझ्याकडं पण मेसेज आला बघ. "आपला पसंतीक्रम निश्चित करण्यात आला आहे." बघ, कसलं लिहितात. चार छप्पन.

… रडायचं काय त्यात? ओम बघतोय. … अगं चौदा तासांचा प्रवास म्हणजे काय, संध्याकाळी बसलो की सकाळी समिती गेटवर हजर! आणि गेलीस की पहिल्यांदा बाकाशी जा. गाठ सैल झाली असेल तर आवळ. फोटो पाठव. तुला जमते का नाय ते बघतो.

… आईला मी सांगतो. पेढ्यांचं पण. … हो, हेल्मेट घालून.

काय? खुर्ची? … हो, आहे ना. इथंच आहे समोर. लाल.

… नाय उचलणार. राहू दे.

राजू, पाच मिनिटं थांब रे. … अरे काय झालं नाय, जरा टेकतो. … हो, हिच्यावरच. पाहुण्यांचं रद्द झालं.

… हां, ऐकतोय मी. … डोंगर? झालाय, जांभळा झालाय. इथून सगळा दिसतो गं… इतकी वर्षं मांडतोय, इथून असं दिसतं माहितीच नव्हतं.

जा तू घरी. … नाय, तू ठेव. … तू ठेव ना आधी. … बरं, मग ऐक.

आपण ज्या बापाला फोन लावला आहे, तो सध्या पहिल्या ओळीत बसलेला आहे. कृपया… थोड्या वेळानं…

… ठेव गं आता.